ब्रेकला बांधलेल्या लोंब्या

दोन हजार सालानंतर मी मुंबईच्या एका साहेबांची गाडी चालवायचो. तिला क्रूझ होतं. बटण दाबलं की पाय न लावता गाडी एकाच वेगात धावायची.

एकदा दसऱ्याला गाडी मुरबाडजवळ आमच्या घरी उभी होती. दुसऱ्या दिवशी साहेबांना आणायला नाशिकला निघालो, तर शहापूरच्या हायवेवर क्रूझ लागेना. बटण दाबून दाबून वैतागलो. शेवटी एका जीपवाल्या मिस्तऱ्याकडे गाडी लावली. याला यातलं काय कळणार, असं मनात होतंच.

"क्रूझ मला नाय माहीत," तो म्हणाला, "पण तुमी खाली उतरलात तरी ब्रेकचे दिवे पेटलेले कसे?"

मग तो वाकून आत शिरला. ब्रेकच्या पेडलच्या दांड्यावर, वरच्या खाचेत भाताच्या लोंब्यांची जुडी अडकली होती. पेडल पुरतं वर येत नव्हतं, म्हणून ब्रेक दाबलेलाच आहे असं समजून गाडी क्रूझ लागू देत नव्हती. दसऱ्याला आमच्याकडे नव्या भाताच्या लोंब्या दाराला, नांगराला बांधतात. बाबांनी गाडीलाही बांधल्या होत्या, त्या नेमक्या ब्रेकला.

मिस्तऱ्याने जुडी फेकली नाही. कपाळाला लावून ती आरशाला बांधली. त्याचे उपकार मी अजून मानतो.

घरी येऊन मी बाबांवर चिडलो. जन्मभर बैलगाडी हाकलेले बाबा शांतपणे म्हणाले, "पळवायला तू हायस ना रे. वेळेला थांबावी, म्हणून बांधलं."