लोणारच्या काठावर काढलेली अंगठी

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षानंतरचा उन्हाळा मी लोणारला काढला. पदार्थविज्ञान शिकणाऱ्या काही मुलांना संशोधन कसं करतात ते शिकवायला तिथं शिबिर भरलं होतं. सरोवराच्या काठाने मॅग्नेटोमीटर लावायचा, त्याची सुई स्थिर होऊ द्यायची आणि तिथल्या खडकाचं चुंबकत्व टिपायचं, एवढंच काम. ते नीट झालं तर एम.एस्सी.साठी शिफारस करीन, असं शिबिर घेणारे सर म्हणाले होते.

माझ्या जोडीला पुण्याचा एक मुलगा होता. तो मोजायचा तेव्हा सुई गप्प बसायची. मी वाकलो की हलायची.

"तुला बघून लाजते ती," तो म्हणाला.

"मले काय माहीत काऊन हालते ते."

मग तो दिवसभर 'मले, मले' करत फिरला.

सरांनी माझे खिसे पाहिले, पट्टा काढायला लावला. शेवटी त्यांची नजर मधल्या बोटावर गेली.

"ही कशाची?"

"काळ्या घोड्याच्या नालेची, सर. साडेसाती आहे."

"अहो, सुईला शनी कळत नाही, लोखंड कळतं. काढा."

मुलाची साडेसाती बापाला जड जाईल, असं जोशीबुवांनी आईला सांगितलं होतं. "आंघोळीच्या टायमालेही काढू नको," असं बजावून तिने ती माझ्या बोटात घातली होती. मी साबण लावून अंगठी काढली आणि पेटीत टाकली. सुई थांबली. मला बरं वाटलं.

पुढच्याच आठवड्यात घरून, मोताळ्याहून, चुलतभाऊ एसटीने आला. बाबा वांग्यांना पाणी देताना ऊन लागून पडले, आणि गेले. उन्हाळा असल्यामुळे थांबता आलं नव्हतं. काकांनी अग्नी दिला होता. मी पेटी भरली, अंगठी घातली. बसमध्ये रडू आलं नाही. राहिलेल्या जागा जोडीदार नीट मोजेल की नाही, याचाच विचार करत होतो.

आईने आधी माझा हात धरून बोट पाहिलं.

"काढली तं नव्हती ना रे?"

"नाही."

"मंग त्याइची वेळच भरली होती," ती म्हणाली, आणि सकाळपासून नाकारलेलं पाणी प्याली. येणाऱ्या बायकांनाही ती तेच सांगत होती, की पोरानं काही कसर नाही केली. मी शेजारी बसून ऐकत होतो.

आता मी कॉलेजात शिकवतो. उन्हाने माणूस कसा मरतो हे मला ठाऊक आहे, आणि त्यात अंगठीचा काही संबंध नाही हेही. तरी आई होती तोवर मला खरं सांगता आलं नाही.

त्या उन्हाळ्यानंतर वर्षभराने सरांची शिफारस आली. एम.एस्सी.साठी मी नागपूरला निघालो तेव्हा आई म्हणाली, "तिथंही काढू नको."

"हो," मी म्हणालो. साडेसाती आता कोणाला जड, ते विचारलं नाही. घरात ती एकटीच उरली होती.