सोवळ्यातला पाक

निजामाच्या राज्यात औशाच्या तहसील कचेरीतले एक कारकून आमच्या शेजारी राहत. दारूचं नाव निघालं की ते कानाला हात लावत. पण तहसीलदारसाहेबांच्या विलायती दारूत मिसळायचा आंबटगोड पाक तेच घरी करत, आणि तोही आंघोळ करून, सोवळं नेसून. मोसंबीची साल खडीसाखरेवर घासत, लिंबं पिळत, पाक फडक्यातून गाळत. "आपण लिंबू पिळतो. पुढचं साहेब जाणे," असं ते म्हणत.

मी आमच्या शेतकरी घरातला कॉलेजात गेलेला पहिला. हैदराबादला फी माफ व्हावी म्हणून इथलाच रहिवासी असल्याचा मुलकी दाखला मला हवा होता. नवे तहसीलदार आले तेव्हा कारकून मला घेऊन, पाकाच्या बाटलीसकट, त्यांच्यापुढे गेले. साहेबांनी पाक पाण्यात घालून घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "बहुत खट्टा है."

"पाण्यात तसाच लागतो, हुजूर. दारूत बरोबर उतरतो."

हे साहेब पाच वेळा नमाज पढणारे होते. त्यांनी पेला खाली ठेवला. "तुमको कैसे मालूम?"

"हा सांगत होता, हुजूर," माझ्याकडे बोट दाखवत ते शांतपणे म्हणाले. "हैदराबादला असतो."

माझा अर्ज सहीविनाच परत मिळाला.

बाहेर आल्यावर त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मनाला लावून घेऊ नको, बाळा. साहेब बदलला की तू पुन्हा अर्ज करशील. मला रोज ह्याच साहेबापुढं उभं राहायचं हाय."

सवयीने मी त्यांना वाकून नमस्कार केला. त्यांनीही मनापासून आशीर्वाद दिला.