नंदाबाईंच्या डोक्यातल्या चांदण्या

पांढरकवड्याच्या बायपासवर ट्रकच्या सीटा शिवणारी बाई एकच, नंदाबाई. रेक्झिनचं भेंडोळं खांद्यावर टाकून त्या केबिनमध्ये चढतात, ड्रायव्हरला खाली उतरवतात आणि माप घेता घेता त्याच्या बायकापोरांची चौकशीही उरकतात. बोलणं मोठ्यानं, हसणं त्याहून मोठं. चार वर्षांपूर्वी छातीत गाठ निघाली, तेव्हा नागपूरच्या दवाखान्यात हाताला केमोची नळी असतानाही त्या शेजारच्या खाटेवरच्या बाईला ब्लाऊजचा गळा कसा बेतायचा ते शिकवत होत्या. केस गेले, पुन्हा आले, तेही कुरळे. नंदाबाई खूश.

यंदा फेब्रुवारीत मात्र त्यांची शिलाई वाकडी जायला लागली. डावा हात मधेच कापड सरकवायचं विसरे. शेजारच्या गॅरेजवाले शब्बीरभाई म्हणाले, "ताई, तुमची टीप आज झोकांड्या खाऊन राह्यली."

नंदाबाईंनी मशीनवर खापर फोडलं. तेल घातलं, सुई बदलली. टीप वाकडीच. मग त्यांनी मुकाट्यानं नागपूरची एसटी धरली.

एमआरआयमध्ये मेंदूत एक डाग दिसला. छातीचाच आजार, वर जाऊन बसलेला. "एकच आहे, काढता येईल," डॉक्टर म्हणाले. परतीच्या वाटेवर हिंगणघाट गेलं, वडकी गेली, नंदाबाई डाव्या हाताची बोटं मिटत-उघडत राहिल्या.

त्यांच्या बहिणीची मुलगी नयन पुण्याच्या प्रयोगशाळेत नेमकं यावरच काम करत होती. खबर लागताच ती रजा टाकून आली.

"मावशी, मेंदूत विचार करणाऱ्या पेशी वेगळ्या, अन् त्यांना खाऊपिऊ घालणाऱ्या, साफसफाई करणाऱ्या वेगळ्या. चांदणीसारख्या दिसतात, म्हणून त्यांना तारापेशी म्हणतात. छातीतली कॅन्सरची पेशी रक्तातून वर आली, की त्या आधी तिला मारायलाच बघतात. वर आलेल्या बहुतेक कॅन्सरपेशी तिथंच मरतात."

"मंग माह्यी काहून नाही मेली?"

"एखादी चिवट निघते. ती तारापेशीला खेटून बसते, तिच्याशी जोडून घेते. मग तारापेशी तिलाही सांभाळते. औषधापासूनसुद्धा वाचवते."

नंदाबाई ताडकन उठून बसल्या. "म्हणजे मी इकडं औषधं घेऊन राह्यली, अन् माह्याच डोक्यातल्या बाया तिले जेवू घालून राह्यल्या?"

नयनला हसू आवरेना. "जवळपास तसंच."

"त्याईले समजत नाही का?"

"सांभाळणं तेवढं त्यांना येतं, मावशी. ते काम चालू ठेवून हा लाड कसा थांबवायचा, हेच आम्ही शोधतोय."

"सापडलं?"

"उंदरांमध्ये थोडंफार. माणसांचं अजून सांगता येत नाही."

नंदाबाईंनी मान हलवली. नयन चहा ठेवायला आत गेली, तेव्हा त्यांनी पदरानं डोळे पुसले. ती कप घेऊन आली, तोवर त्यांनी ताटलीत बिस्किटं काढून ठेवली होती.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी प्रियंका नावाची तरुण डॉक्टर कागद घेऊन आली. काढलेल्या गाठीतला तुकडा संशोधनासाठी देणार का, असं तिनं विचारलं. नाव कुठं येणार नाही, फक्त नंबर राहील.

"नाव कायले लपवता? मी का चोरी केली?"

प्रियंकानं नियम समजावून सांगितला.

"बरं, मंग नंबर तरी चांगला टाका. अन् त्या चांदण्या बी येतील ना तुकड्यात?"

"थोड्या येतील."

"पाहा त्याईले. नीट पाहा." आणि नंदाबाईंनी ठसठशीत सही केली.

ऑपरेशन नीट झालं. मग दहा दिवस डोक्याला रेडिएशनचे शेक घेतले. डावा हात हळूहळू वळणावर आला, करंगळी अजून जरा आळशी आहे. तीन महिन्यांनी काढलेला एमआरआयचा फोटो स्वच्छ निघाला. पुढचे काढत राहावेच लागणार आहेत, हे त्यांना डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय.

दिवाळीनंतर नंदाबाई पुण्याला गेल्या आणि नयनच्या प्रयोगशाळेत हट्टानं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसल्या. काळ्याभोर अंधारात हिरव्या चांदण्या पसरल्या होत्या, एकमेकींचे हात धरून.

"माय वो! किती देखण्या!"

मागं नयनची मैत्रीण आपल्या नमुन्याची काच घेऊन ताटकळत उभी होती. नंदाबाई उठेनात.

"थांब वो जरा," त्या डोळा न काढताच म्हणाल्या, "अजून पाहून राह्यली मी."