कापसातली पांढरी मांजर

आमच्या पिंपळगाव रेणुकाईत खऱ्या मांजरीला कुणी भीत नाही. पोरं भितात ती जयवंताबाईच्या मांजरीला. ती कुणी पाहिलेली नाही, कारण ती पांढरीशुभ्र आहे आणि कापसात राहते.

वेचणी सुरू झाली की आम्ही बाया शेतात आणि आमची पोरं जयवंताबाईच्या ताब्यात. तिच्या घरच्यांनी पिढ्यान्‌पिढ्या मेंढ्या राखल्या. आता वाकून वेचणी होत नाही म्हणून ही पोरं राखते. "मेंढरं बरी, हाक मारली की येतात तरी," असं रोज आम्हाला ऐकवते.

कापसाच्या दिवसांत आमच्याकडे खोली कापसाची आणि ओसरी माणसांची. भाव चढेल या आशेवर आढ्यापर्यंत कापूस भरायचा आणि आपण बाहेर अंग खाजवत झोपायचं! पोरांना मात्र तो ढीग म्हणजे जत्रा. उड्या मारायच्या, लपायचं. पण आत बुडालेल्या पोराला श्वास मिळत नाही आणि त्याची हाक बाहेर येत नाही. म्हणून जयवंताबाईनं ही मांजर पाळली.

आमच्या अंगणातल्या लिंबाखाली पोरांना बसवून ती सांगायची, "लई मोठी हाय. डोळे मिटून पडती, म्हणून दिसत न्हाई. तुम्ही उडी मारली की आधी तुमचा आवाज खाती. मंग श्वास. मंग तुम्हाला. तिच्या पोटात एक पोरगा हाय, सुग्रीव. मायला हाका मारून राह्यलाय. पण आवाजच खाल्लाय, तर मायला ऐकू कसं यावं?"

पोरं एकमेकांना चिकटायची. मला ही गोष्ट बिलकुल आवडायची नाही, आणि मी तसं तोंडावर सांगितलंही. ती म्हणाली, "भेदरल्यालं पोरगं जितं राह्यतं, वंदने."

माझी छकुली मात्र भेदरली नाही. तिला त्या सुग्रीवची काळजी लागली.

"आज्जे, त्याला जेवायला कोण देतं?"

जयवंताबाईचा चेहरा उतरला. "कोणी न्हाई," ती म्हणाली. "उपाशीच हाय."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी वेचलेल्या कापसाचं गठोडं घेऊन घरी आले, तर जयवंताबाई छकुलीला हाका मारत अंगणभर फिरत होती. कापसाच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं आणि उंबऱ्याबाहेर छकुलीच्या चपला. कापूस म्हणजे लक्ष्मी, त्यात चपला घालून जायचं नाही, हे आम्हीच तिला शिकवलेलं. पोरीनं ते नीट पाळलं होतं.

मी गठोडं टाकून धावले. पण जयवंताबाई माझ्याआधी ढिगात घुसली. ज्या बाईला वाकता येत नाही ती दोन्ही हातांनी कापूस मागं फेकत होती आणि ओरडत होती, "सुग्रीवा! आरं सुग्रीवा!" माझ्या पोरीला ती सुग्रीव का म्हणते, हे विचारायचंही मला सुचलं नाही.

अखेर एक पाय हाती लागला. ओढून काढलं तेव्हा छकुलीच्या तोंडात कापूस होता आणि ओठ निळे पडले होते. जयवंताबाईनं बोटानं कापूस काढला, पाठ थोपटली. पोर खोकली आणि रडायला लागली. मुठीत भाकरीचा चतकोर तसाच होता.

"सुग्रीवला द्यायला गेल्ते," ती हुंदके देत म्हणाली.

जयवंताबाई उंबऱ्यावर बसली. "मांजर-बिंजर काही न्हाई गं," ती मला म्हणाली. "माझा पोरगा होता सुग्रीव. एकुलता एक. मी दुसऱ्याच्या वावरात वेचून राह्यल्ते, हा त्यांच्या कापसात खेळाया गेल्ता. मी त्याला समद्या गावात हुडकलं. कापसात शेवटी पाह्यलं." मी छकुलीला पोटाशी धरून बसले होते, आणि मला रडू आवरेना. या बाईला मी गोष्टीवरून बोलले होते!

त्यानंतर तिनं ती गोष्ट सोडली. मग पोरं पुन्हा खोलीच्या दाराशी घुटमळायला लागली, तेव्हा छकुलीनंच ती हाती घेतली. लिंबाखाली आजीसारखीच मांडी घालून ती सांगत होती, आधी आवाज खाती, मंग श्वास. जयवंताबाई बाजूला पोरांसाठी भाकरी मोडत होती.

"आन् तिच्या पोटात कोण हाय?" एका चिमुरड्यानं विचारलं.

"आता कोणी न्हाई," छकुली म्हणाली. "एक पोरगा होता. आज्जीनं त्याला ओढून काढलं."

जयवंताबाईचे हात थांबले. तिनं पदरानं तोंड पुसलं.

"बराबर हाय," ती म्हणाली, आणि पोरांच्या हातावर भाकरी ठेवायला लागली.