बैलाच्या डोळ्याइतकं उंच

माझ्या जुन्या मोटारीचे कार्बाइडचे दिवे काढून तिथं बॅटरीचे दिवे बसवायला तो मिस्त्री देवपुरात आमच्या अंगणात आला होता. उजवा पाय ओढत चालायचा. नाव मी विचारलं नाही, त्यानंही सांगितलं नाही.

दिवेलागणीला त्यानं नवे दिवे लावले आणि मोटारीसमोर जमिनीवर उकिडवा बसून थेट उजेडात पाहू लागला. मग उठायचा, स्क्रू सैल करून दिवे खाली झुकवायचा, पुन्हा बसायचा.

"अहो, उजेड लांब पडू द्या की," मी वैतागलो.

"भाऊ, मोटारमा बसीसन बठ्ठा रस्ता दिसस. बैलले काय दिसस, ते आठे बसीसन देखनं पडस." मग उजव्या पायावर हात ठेवून म्हणाला, "मनी बैलजोडी अशाच उजेडले बुजनी व्हती. तव्हयपाईन हाऊ पाय असा शे."

तो गेल्यावर मी दिवे वर केले.

दोन दिवसांनी सोनगीरहून परतताना, अंधार पडता पडता, समोरून बैलगाडी आली. बैलांचे डोळे क्षणभर पांढरे चमकले, गाडी रस्ता सोडून कडेच्या चारीत गेली आणि लाकूड मोडल्याचा आवाज आला. मी मोटार थांबवली नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो विसरलेला पाना न्यायला आला. त्यानं दिव्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"रस्तामा एखादं गाडं भेटनं का, भाऊ?"

"नाही."

पाना न उचलताच तो मोटारीसमोर उकिडवा बसला.

"लावा," म्हणाला.

मी दिवे लावले. त्यानं डोळे मिटले नाहीत. मलाच त्याच्याकडे पाहवेना.