काट्याखालचा अंगठा

अगं बाय, फोन जरा कानाजवळ धर, लांबूनच ‘हो आजी’ म्हणू नकोस. दिवाळीत चीनवरचं ते जाडं पुस्तक इथे विसरलीस, ती पुन्हा फिरकलीच नाहीस. नातीने असं वागावं का?

ते मी तुझ्या आजोबांना वाचून दाखवायला घेतलं. त्यांना आता अक्षर दिसत नाही. मी वाण्याच्या पुड्यांच्या कागदांवर वाचायला शिकलेली, अडखळते, पण वाचते.

त्यात होतं, चीनच्या बादशहाचा शेतसारा धान्यात असायचा. राजधानीला पोचेपर्यंत पाखरं-उंदीर खातील म्हणून तेवढं धान्य शेतकऱ्याकडून आधीच जास्त घ्यायचे. आजोबा हसले, म्हणाले, आमच्या गोदामातले उंदीर फुकटे होते. तुला लेव्ही ठाऊक नसेल. तेव्हा ठरलेलं भात सरकारला घालावंच लागे, आणि हे सरकारी गोदामात वजनकाट्यावर होते.

पुढे लिहिलं होतं, माप शिगोशीग भरलं की कारकून त्याला लाथ मारायचा. सांडलेलं धान्य परत मिळत नसे, माप पुन्हा भरून द्यायचं. कारकुनांना पगार पुरत नव्हता, असंही होतं.

“ते परत वाच,” आजोबा म्हणाले. मी वाचलं.

“मला पगार पुरत होता.”

मग हळूहळू सांगितलं. काट्याच्या फळीखाली पायाचा अंगठा लावून वर रेटायचा, पोत्यामागे दोन-तीन किलो कमी दिसत. चांदीप गावच्या एका विधवेचं भात असंच कमी भरलं. ती घरी जाऊन बियाण्याचं घेऊन आली. यांनी तेही अंगठा लावूनच मोजलं.

असं जास्तीचं उरलेलं भात आमच्या घरी यायचं. गोदामाची झाडणी आहे, असं हे सांगायचे. झाडणीत इतकं स्वच्छ भात येत नाही, हे शेतकऱ्याच्या लेकीला कळत नव्हतं असं नाही. मी ते गिरणीतून भरडून आणून तुझ्या बापाला भरवलं.

त्या दिवसापासून यांनी ताटातला भात बाजूला सारलाय. पेजसुद्धा नको. चहा आणि अर्ध्या केळ्यावर माणूस किती दिवस काढणार? चांदीपला त्या बाईच्या दारात जायचंय म्हणतात. ती आता कुठली असायला, पण विहिरीजवळचं घर यांना आठवतं. तुझा बाप म्हणतो, जुनं कशाला उकरता. त्याने काय खाल्लं, ते मी त्याला अजून सांगितलेलं नाही.

तुझ्याकडे गाडी आहे. यांना पुढे बसव, मी मागे बसेन. या रविवारीच ये बाय, यांना त्या दारात उभं राहता येतंय तोवर.