हरकरे सरांचं मीठ

नागपुरात राहून समुद्राचा अभ्यास करायचा म्हणजे लोकांची फुकटची करमणूक. चारुशीला पहिल्यांदा रत्नागिरीहून ओल्या गोणपाटात तिसऱ्या, म्हणजे जिवंत शिंपल्या, आणि बरण्यांमध्ये खाऱ्या पाण्यातली कोळंबी घेऊन घरी आली, तेव्हा शेजारच्या रंभाबाईनं तिला फाटकातच अडवलं. "काहून वं, तिकडं मासे पकडाले कोळी नाही का? तुले कायले जा लागते?" आई, यमुताई, लाजेनं आत जाऊन बसली. लग्नाची पोरगी, आणि अंगाला मासळीचा वास!

पण खरी करमणूक ती शिकवत होती त्या कॉलेजात होती. तिथले प्राणिशास्त्राचे प्रमुख कृष्णकांत हरकरे म्हणजे समुद्राचे गाढे पंडित. समुद्र पाहिला होता एकदाच, लांबून, बूटसुद्धा न काढता. तेवढ्या भांडवलावर ते वर्षानुवर्षं भरती-ओहोटी शिकवत होते, आणि पोरं माना डोलवत होती.

त्या उन्हाळ्यात गोव्याहून एक मोठे शास्त्रज्ञ येणार होते. खोल समुद्रात जाणाऱ्या संशोधनाच्या जहाजावर एक जागा रिकामी होती. चारुशीलाचं काम पटलं तर ती तिची. जिथं उजेड पोचत नाही त्या तळाच्या चिखलात जीव कसे जगतात, हे तिला स्वतः बघायचं होतं. बेडूक चिरत जन्म काढायचा नव्हता.

प्रयोगशाळेत कूलरच्या वाऱ्यात तिनं कोळंबी, तिसऱ्या आणि समुद्रातले किडे सोडलेली काचेची टाकी मांडली होती. मे महिन्यात पाणी भराभर उडून जाई. पाणी उडतं, मीठ मागेच राहतं. म्हणून ती रोज खुणेपर्यंत साधं पाणी घाली. एवढंच काम. पण नेमकं तेव्हाच उमरेडला मावसबहिणीचं लग्न निघालं, आणि ती आली नाही तर आपण जेवणार नाही असं यमुताईनं बजावलं.

"सर, पाणी कमी झालं की नुसतं साधं पाणी घाला. बाकी काही नको," जाताना चारुशीला म्हणाली.

"चारुशीलाबाई, तुम्ही फ्रॉक घालत होत्या तेव्हापासून शिकवून राहिलो मी हे," हरकरे म्हणाले.

समुद्रात साधं पाणी घालायचं, हे काही त्या पंडिताला पटेना. त्यांनी लकडगंजातून खडेमीठ मागवलं आणि पाण्याबरोबर रोज मूठ-मूठ टाकलं, वर पोरांना गोळा करून दाखवलं की बघा, समुद्र असा तयार होतो.

चारुशीला परत आली तर कोळंबी पांढरीफटक पडून वर तरंगत होती. किडे कुजले होते.

"सर, मीठ घातलंत?"

"मग काय साखर घालू?"

वरण आटलं तर त्यात कोणी पुन्हा मीठ घालतं का हो? पण ह्या माणसाला सांगणार कोण! संतापानं तिला रडू फुटलं. गोव्याचा पाहुणा तासाभरात येणार होता. एवढ्यात तिला तळाशी तिसऱ्या दिसल्या, सगळ्या घट्ट मिटलेल्या. मेलेली तिसरी उघडी पडते. ह्या उघड्या नव्हत्या! तिनं त्या उचलून बरणीतल्या शिल्लक समुद्राच्या पाण्यात सोडल्या.

पाहुणे आले. हरकऱ्यांनी हसत हसत हात उडवले. "नागपूरचा उन्हाळा, दुसरं काय! त्यातून बाई लग्नाला गेल्या होत्या."

चारुशीलाची तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं टाकीतलं चमचाभर पाणी पाहुण्यांपुढं धरलं. "जरा चाखून बघा." त्यांनी जिभेला लावलं आणि खिडकीतून थुंकले. मग तिनं सगळं सांगितलं, मिठासकट. ती बोलत असतानाच बरणीतल्या तिसऱ्या एकेक करून उघडायला लागल्या. पाहुणे स्टूल ओढून तिथेच बसले. चहा निवून गेला.

"इतक्या खारटात ह्या टिकल्या कशा?" ते म्हणाले. "बाई, तुम्ही यावरच काम करा."

तिनं केलं. शोधनिबंध छापून आला, जहाजावरची जागा मिळाली. निबंधाच्या शेवटी तिनं सगळं विष ओतून लिहिलं होतं: पाण्यात मीठ घालण्याची मूळ कल्पना प्रा. हरकरे यांची, त्याबद्दल त्यांचे आभार. वाटलं, आता तरी हा माणूस लाजेनं तोंड काळं करेल. कुठलं काय! हरकऱ्यांनी ते पान फ्रेम करून आपल्या खुर्चीमागं लावलं.

पुढं ती कितीतरी वर्षं समुद्रावर राहिली. तळाचा गाळ वर काढला, चाळला, त्यातले जीव ओळखले. केस पिकू लागले. हरकरे निवृत्त झाले तेव्हा समारंभाचं बोलावणं आलं, आणि केवळ तोंडावर चार शब्द सुनावायचे म्हणून ती नागपूरला आली.

हरकऱ्यांनी तिचा हात धरून तिला त्या फ्रेमखाली उभं केलं. "मी मीठ घातलं म्हणून ही जहाजावर गेली बरं का!" पोरांनी टाळ्या पिटल्या.

चारुशीलानं तोंड उघडलं. शब्द तयारच होते. पण त्या दिवशी टाकीत धडधाकट कोळंबी पोहत असती, तर पाहुणे चहा पिऊन गेले असते, हे तिच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. मूर्ख खरं बोलत होता. दातओठ खात तिनंही टाळ्या वाजवल्या.